रोपं पुरे झाली, थर्मामीटर द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र मोठं झालंय याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर बाकीचं कापा, पण घरातल्या तापमानाचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

५ जूनला पर्यावरण दिन झाला, दुसऱ्या दिवशी पेपरात अर्धं पान भरून फोटो होते. प्रत्येक फोटोत खड्डा, रोप आणि वाकून हात लावलेली पाच-सहा माणसं. आणि बातम्यांच्या शेवटी दरवर्षीचं वाक्य, की हवामान बदलाशी लढायला तरुणांनी पुढं यायला पाहिजे. मी २१ वर्षांची आहे, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे ज्यांना पुढं या म्हणतात त्यातलीच एक. म्हणून मनापासून विचारावं वाटलं की पुढं म्हणजे नक्की कुठं यायचं? गेल्या तीन वर्षांत मी तीन रोपं लावली, तिन्ही एकाच मैदानाच्या एकाच कडेला, कारण आधीचं जगलेलंच नसतं. लावायचा दिवस ठरलेला असतो, पाणी कोण घालणार ते ठरलेलं नसतं. शपथ पण घेतली, तीनदा. शपथ घेताना मला दरवेळी आमचं घर आठवतं आणि वाटतं की हे जे मी म्हणतेय त्याचा आमच्या घराशी काय संबंध आहे ते कुणीतरी एकदा सांगावं.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात आहे, दोन खोल्या, वर पत्रे. आई बिड्या वळते, बाबा यंत्रमागावर आहेत, टॉवेल. सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, इथं हजारो घरं अशीच चालतात. पण उन्हाळ्यात या दोन कामांचं काय होतं ते बाहेरच्याला माहीत नसतं. बिडीचं पान ओलसर लागतं, वाळलं की कात्रीखाली तुकडे पडतात, म्हणून आई पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते. आणि पंखा लावता येत नाही कारण सुपातली तंबाखू उडते. म्हणजे मे महिन्यात दुपारी बारा ते चार, पत्र्याखाली, पंखा बंद ठेवून आई बसलेली असते. मोजून बिड्या द्यायच्या असतात, आज ऊन आहे म्हणून आकडा कमी होत नाही. तिकडं बाबांच्या शेडमधे हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खिडक्या बंद ठेवून आत दमटपणा राखायचा, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं, नाहीतर नुसता वाहतो. हे मी पुस्तकात शिकले तेव्हा मला एकदम बाबा रात्री पाळीवरून आल्यावर तासभर न बोलता का बसून राहतात ते कळलं.

पेपरात रोज येतं, काल सोलापूरचं तापमान अमुक. ते खोटं नाही. पण हवामान खात्याचा थर्मामीटर उघड्या जागेवर, जमिनीपासून चार-साडेचार फूट उंचीवर, पांढऱ्या जाळीदार लाकडी पेटीत सावलीला असतो, आणि शास्त्राच्या हिशेबानं तो तसाच असायला हवा, नाहीतर एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलनाच करता येणार नाही. फक्त तो आकडा माझ्या आईच्या डोक्यावरचा नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मैदानी भागात पारा ४० च्या पुढं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा सरळ ४५ ला पोचला, तर उष्णतेची लाट धरतात. आता सोलापुरात मे महिन्यात चाळीसच्या आसपास हेच नेहमीचं. म्हणजे आमच्याकडं लाट म्हणायला जवळजवळ पंचेचाळीसच व्हावे लागतात, आणि ४२-४३ चे जे ओळीनं दिवस जातात ते कुठल्याच हिशेबात येत नाहीत. त्याच दिवसांत आई तिथं बसलेली असते.

म्हणून आम्ही पाच जणींनी ह्या एप्रिल-मे मधे एक गोष्ट केली. ऑनलाइन स्वस्तातले थर्मामीटर मागवले, तापमान आणि हवेतला दमटपणा दोन्ही दाखवणारे, आणि प्रत्येकीनं आपापल्या घरात जिथं माणूस बसतो तिथं अडकवला. दिवसातून चार वेळा बघायचं, सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ, रात्री बारा, आणि वहीत लिहायचं. एवढंच. कॉलेजचा प्रोजेक्ट नव्हता, कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात दोघींच्या घरून विचारणा झाली की हे काय खूळ, अभ्यास करा. माझी आई काही म्हणाली नाही पण दुपारी दोनचं माझ्या आधी तीच बघायला लागली आणि मला हाक मारून सांगायची, "बघ गं, आज कालच्यापेक्षा चढलंय."

वही भरत गेली तसं एक वेगळंच दिसायला लागलं. माझ्या घरात, पत्र्याखाली, दुपारी दोनला पेपरातल्या आकड्यापेक्षा रोजच जास्त, पण रात्री नऊपर्यंत बऱ्यापैकी उतरलेलं. माझी एक मैत्रीण स्लॅबच्या घरात राहते, वरच्या मजल्यावर, आम्ही सगळ्या म्हणायचो तुझं बरंय. तिच्याकडं दुपारी कमी होतं, पण रात्री बाराला माझ्या घरापेक्षा जास्त. पत्रा पातळ, लगेच तापतो आणि लगेच निवतो. स्लॅब दिवसभर ऊन पिऊन बसते आणि ती उष्णता रात्री खाली सोडत राहते. तिची आजी रात्रभर झोपत नाही, गॅलरीत बसते, हे ती पूर्वीपासून सांगायची पण त्याचं कारण आम्हाला त्या वहीनं सांगितलं. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री जर थंडावाच मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त लागतं, म्हाताऱ्या माणसांचं आणि तान्ह्या लेकरांचं यातच होतं जे व्हायचं ते. मग एकच सल्ला, दुपारी बाहेर पडू नका, हा सगळ्यांना कसा पुरणार? आईला दुपारी घरातच त्रास आहे. त्या आजीला रात्री आहे.

मे मधे आमच्या आणि शेजारच्या दोन घरांच्या पत्र्यावर चुना मारला, चिकटायला त्यात फेव्हिकॉल टाकून, दोन हात. पत्रा गंजून काळपट झालेला होता, काळं ऊन शोषून घेतं आणि पांढरं परतवून लावतं, यात नवीन काही नाही, जुनी माणसं माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात राहायची त्यांना हे सांगायला लागलं नसतं. दुपारचा आकडा खाली आला, तीन-चार अंश, काही दिवस त्याहून थोडा कमी. रात्री फारसा फरक नाही. आणि खरं ते सगळं सांगायचं तर पहिल्या दोन वळवाच्या सरीत अर्धा चुना धुऊन गेला, परत मारावा लागला, खर्च परत. पण आई म्हणाली पानं आता दुपारी एकदाच भिजवायला लागायलीत, आधी तीनदा लागायची. पाणी आमच्याकडं रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, बॅरल भरून ठेवायचे, त्यामुळं पानावर शिंपडायचं पाणी पण मोजूनच वापरतात. हा फरक कुठल्या थर्मामीटरमधे दिसत नाही पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

आता कुणी म्हणेल यानं हवामान बदल कसा थांबणार. नाही थांबणार. मला ते माहितीय. हवेत कार्बन डायऑक्साइड कारखानदारीच्या आधी दहा लाखात २८० भाग होता, तो आता ४२० च्या पुढं गेलाय, आणि २०२४ हे पहिलं वर्ष ज्यात जगाचं सरासरी तापमान कारखानदारीच्या आधीपेक्षा दीड अंशाच्या वर गेलं. हे माझ्या आईनं केलेलं नाही. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत १४ टनांच्या आसपास, आणि भारतातल्या त्या दोन टनांत पण पत्र्याखाली राहून पंखा बंद ठेवणाऱ्या बाईचा वाटा किती असेल तुम्हीच सांगा. त्यामुळं आम्हाला जेव्हा म्हणतात की तरुणांनी आपल्या सवयी बदलाव्या तेव्हा मला वाईट वाटतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांकडं बदलायला सवयीच नाहीत. एक जण भर दुपारी गाडीवर जेवणाचे डबे पोचवतो, एक सेंट्रिंगच्या कामावर जातो, लोखंडी सळई हातात धरवत नाही म्हणतो. तरुण म्हणजे फक्त उपाय करणारे नव्हेत ओ, ऊन आधी त्यांनाच लागतंय.

पण म्हणून सोलापूरनं हात झटकावे असंही मला म्हणायचं नाही. आपल्या दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे, त्याला पाणी उजनीचं. जिल्ह्यात साखर कारखाने तिसाच्या वर आणि पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर. उजनी ११७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) धरण म्हणतो पण त्यातलं ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे दारांच्या खाली राहणारं पाणी, म्हणून तर दरवर्षी "उजनी मायनसमधे" ही बातमी आपल्याला पाठ झालीय. आणि त्याच जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला असा पूर आला की माढा-मोहोळकडची गावं पाण्यात गेली. माझी मावशी तिकडचीच. दुष्काळात वाढलेली बाई, ७२ चं तिच्या आईकडून ऐकलेलं, तिला पाणी नाही हे माहीत होतं, पाणी घरात शिरणं माहीत नव्हतं. हवा तापली की ती जास्त बाष्प धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते, पावसाचे दिवस कमी आणि पडला की ओततो, हे आम्हाला वर्गात शिकवलं. मावशीच्या घराच्या भिंतीवर मी त्याची रेघ बघितली, छातीएवढी. उसाबद्दल मी जास्त बोलत नाही, माझं शेत नाही. एवढंच वाटतं की कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सोलापुरात १९३३ पासून आहे, मालदांडी ज्वारी आपल्या मोहोळ-मंगळवेढ्याची, डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या केगावात, म्हणजे कमी पाण्यात कसं जगायचं याची विद्या आपल्या दारात आहे आणि आम्ही तरुण मुलं ती शिकायला जात नाही, ही मात्र आमची चूक आहे.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते म्हणून सांगते. नान्नजला आपलं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ चं. माळढोकासाठी वन्यजीव अभ्यासक एम. के. रणजितसिंह यांनी सुप्रीम कोर्टात केस केली होती, राजस्थान-गुजरातमधे विजेच्या तारांना धडकून हे पक्षी मरतात म्हणून. त्या केसच्या २१ मार्च २०२४ च्या निकालात कोर्टानं म्हटलं की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून मुक्त राहणं हा माणसाचा हक्क आहे, घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येणारा. मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. जो पक्षी आपल्या माळावर होता आणि आता दिसणं मुश्कील झालंय, त्याच्या केसमधून माझ्या आईचा हक्क लिहिला गेला. आणि तो निकाल सोपा नाही, कारण त्या तारा सौर आणि पवन विजेच्या होत्या, म्हणजे एका बाजूला कोळसा कमी करायचाय आणि दुसऱ्या बाजूला पक्षी वाचवायचाय, कोर्टानं त्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. असल्या गोष्टींवर आम्हाला वर्गात बोलू द्या, वाद घालू द्या. माळढोकाला उघडं गवताळ माळरान लागतं, तिथं झाडी वाढवली तर तो राहत नाही, आणि गवताच्या मुळांशी मातीत पण भरपूर कार्बन साठलेला असतो. म्हणजे दिसेल त्या माळावर रोपं लावणं हे सोलापूरसारख्या जिल्ह्यात पुण्याचं कामच असेल असं नाही. हे मला रोपाचा तिसरा खड्डा खणून झाल्यावर कळलं.

बाहेरच्या मुलांची उदाहरणं आम्हाला नेहमी देतात. हवामान बदलासाठी स्वीडनच्या ग्रेटा थुनबर्गनं २०१८ मधे संसदेबाहेर बसायला सुरुवात केली, आपल्या उत्तराखंडच्या रिधिमा पांडेनं २०१७ मधे नऊ वर्षांची असताना हरित लवादात अर्ज केला. मला दोघींबद्दल आदर आहे. पण आमच्याकडं एक दिवस बुडाला की खाडा पडतो, पोरीनं चौकात बोर्ड धरून बसायचं म्हटलं तर घरातूनच परवानगी नाही. वहीत आकडे लिहायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्या वहीवर नंतर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं असं मला वाटतं.

म्हणून मागणी अशी आहे. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय आहे, त्याला प्रोजेक्ट आणि जर्नल असतं, ते कसं लिहिलं जातं हे शिक्षकांना आणि आम्हाला दोघांना माहितीय, मागच्या वर्षीच्या मुलीचं घ्यायचं आणि उतरवायचं, मी पण उतरवलंय. त्याऐवजी प्रत्येक मुलानं एक महिना आपल्या घरातलं तापमान लिहावं. पत्रा की स्लॅब, कितवा मजला, घरात काय काम चालतं, पाणी किती दिवसांनी, रात्री झोप लागली का. शहरात अकरावी-बारावीची हजारो मुलं आहेत, एका उन्हाळ्यात सगळ्या सोलापूरचा घरातल्या उन्हाचा नकाशा तयार होईल. त्याला लागतात थर्मामीटर, आणि रोपांवर, बॅनरवर, मांडवावर जो खर्च होतो त्यात ते येतात. अहमदाबादेत २०१० च्या मे मधे उन्हानं खूप माणसं गेली, मग २०१३ मधे त्यांनी शहराचा उष्णता आराखडा केला, त्यात आधी इशारा देणं आहे, दवाखान्यांची तयारी आहे, पुढं झोपडपट्टीतली छपरं पांढरी करणं पण आलं. तेलंगणानं २०२३ मधे छपरं थंड ठेवायचं धोरणच आणलं, आणि तेलंगण आपल्याला काही लांब नाही, पूर्व भागातल्या कितीतरी घरांचं नातं तिकडचंच आहे. आपल्या शहराचा असा आराखडा जेव्हा जेव्हा बसून ठरेल तेव्हा त्या टेबलावर आमच्या वहीला जागा पाहिजे, आणि वही वाचून दाखवायला आमच्यातल्या कुणालातरी. कुंभारीला रे नगरमधे जानेवारी २०२४ मधे १५ हजार कामगारांना घरं मिळाली, एकूण ३० हजारांची वसाहत आहे ती. एवढी छपरं एकाच जागी सोलापुरात दुसरीकडं कुठं आहेत? तिथं राहणाऱ्या मुलांनी रात्रीचं तापमान लिहायला घेतलं तर स्लॅबला पांढरा रंग कुठं लागेल, सोलर कुठं बसेल हे अंदाजानं ठरवायची वेळच येणार नाही. सोलरला केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटला ७८ हजारापर्यंत अनुदान आहे, पण त्याला स्वतःचं छप्पर लागतं. आमच्यासारख्या भाड्याच्या पत्र्यावाल्यांना त्यात जागा नाही, यावर पण कुणीतरी विचार करावा.

बाबा म्हणतात पत्र लिहून काय होतंय. त्यांचंही बरोबर असेल, त्यांनी खूप निवेदनं बघितलीत. पण चुना मारायच्या दिवशी शिडी तेच धरून उभे होते.

संपादक साहेब, तुमच्याकडं एक विनंती. ऑक्टोबर हीटला आम्ही परत सुरू करणार आहोत आणि मार्चपासून रोज. आता पाचाच्या बारा घरं झालीत, त्यात चार पत्र्याची, पाच स्लॅबची, दोन चाळीतली आणि एक माळवदाचं जुनं घर आहे, ते मिळाल्याचा आम्हाला फार आनंद झाला. हवामान खात्याचा आकडा तुम्ही रोज छापता, त्याच्याच खाली दोन ओळी आम्हाला द्या, "काल दुपारी दोन वाजता घरात" आणि "काल रात्री बारा वाजता घरात". आकडे आम्ही रात्री बाराचं बघून लगेच पाठवू म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या अंकाला उशीर होणार नाही. चार महिने छापून बघा. वह्या कुणाला तपासायच्या असतील तर घरी या, संध्याकाळी सातनंतर आई पण मोकळी असते.

आपली,
एक विद्यार्थिनी
पूर्व भाग, सोलापूर